दुरुस्तीला आणलेला माळ

दादा, जाताना माणसं बाकी काही नाही तरी लोकांच्या वस्तू लोकांच्या घरी ठेवून जातात. तू दुपारी जेवलास, ब्रश धुतलेस, जरा पडतो म्हणालास आणि गेलास. ईझलवर राहिलं शालनच्या घरचं चित्र. तिच्या भिंतीवरून 'धूळ पुसून देतो' म्हणून काढून आणलेलं. धूळ कसली पुसतोस तू? अर्ध्या चित्रावर नवा रंग चढवून ठेवला होतास आणि तो अजून ओला होता. डॉक्टर येऊन गेले, शेजारचे आले, कुणी मला पाणी दिलं, कुणी पंखा मोठा केला, आणि मी त्या चित्राकडं बघत बसले होते. लोकांना वाटलं मी दुःखानं सुन्न झालेय. दुःख होतंच. पण त्या घटकेला मी जास्त रागानं सुन्न होते.

नंतर जो येईल तो तुझे गुण सांगायला लागला. सर किती शांत होते, म्हणे. मला उठून स्वयंपाकघरात जावं लागलं. एका भल्या माणसानं तर 'सरांनी कधी कुणाचं मन दुखवलं नाही' असं म्हटलं. त्याच्या घरी तुझं चित्र नसावं. ज्यांच्या घरी आहे ते मान खाली घालून चहा पीत होते. मेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं, एवढी रीत सोलापूरकरांना आहे.

तू काय काढायचास हे आपल्या घरात कधी कुणाला कळलं नाही, पहिल्यापासूनच. बाबा गिरणीतून दमून यायचे, तू शाळेतून आणलेला कागद त्यांच्यापुढं धरायचास. बाबा कागद उलटसुलट करून बघायचे. "झाड कुठंय?" "नाही." "माणूस?" "नाही." "मग काढलंस काय?" "गवत." बाबा आईकडं बघायचे. एवढ्या मोठ्या चाळीत गवताची काडी उगवत नव्हती आणि त्यांचा मुलगा गवत काढत होता. पुढं तू ड्रॉइंगचा मास्तर झालास तेव्हा त्यांना हायसं वाटलं, निदान शाळेत तरी फूल, फळ, घर काढावं लागेल म्हणून. शाळेत काढलंस. रविवारी मात्र स्कूटर काढून माळावर.

नान्नजच्या बाजूला आधी, मग मंगळवेढ्याच्या खाली, पार जत्राखेत्रांच्याही पलीकडं, जिथं रस्ता संपून नुसती पांढरी वाट उरते तिथं. आपल्याकडं जंगल नाही, डोंगर नाही, धबधबा नाही. जे आहे ते हे. उघडा माळ, कुसळ, एखाददुसरं हिवराचं झुडूप, वर भलंमोठं आभाळ. पाऊस पडून गेल्यावर चार-सहा आठवडे हिरवं, मग पिवळं, मग बदामी, मग राख. तू त्यातली राखही काढायचास. लोक म्हणायचे, सर, पेंढा काढलाय का? तू चिडायचास आणि घरी येऊन माझ्यावर चिडायचास, जसं काही पेंढा मी म्हटलं होतं. म्हणायचेच मी. पण तुझ्या तोंडावर नाही.

एक कबूल करते. वहिनी गेल्यावर मी बार्शीची नोकरी संपवून तुझ्याकडं राहायला आले, त्या हिवाळ्यात तू मला पहिल्यांदा माळावर नेलंस. चित्र दाखवायला म्हणून नव्हे. वारा होता आणि कॅनव्हास धरायला कुणीतरी पाहिजे होतं. सकाळभर मी एखाद्या खुंटीसारखी उभी. हात भरून आले, नाक गळायला लागलं, मी तुला मनात येतील तेवढ्या शिव्या घातल्या. तू "हलू नको" एवढंच. मग केव्हातरी वारा पडला आणि समोरचं सगळं गवत एकदम सरळ झालं. आवाज थांबला. त्या गवतात किती रंग होते, दादा. मी नोकरीला जाता-येता एसटीच्या खिडकीतून तोच माळ बघत आले होते, आणि मला तो कायम मातकट दिसला होता. त्यात जांभळं होतं, तांबूस होतं, खाली मुळाशी काळं होतं. मी तुला काही बोलले नाही. तू पण विचारलं नाहीस. घरी येऊन मी हात दुखतात म्हणून कुरकुरत बसले. ते बोलायचं राहिलं. तेव्हा बोलले असते तर तू म्हणाला असतास, मग उद्या परत चल. म्हणूनही बोलले नसेन.

इथवर ठीक होतं. खुळा असलास तरी आमच्या घरातला खुळा होतास. दुसऱ्याच्या घरात शिरायला लागलास तिथून माझे हाल सुरू झाले.

बार्शीच्या त्या आडत्याचा फोन मला अजून आठवतो. त्याच्या पेढीवर तुझं मोठं चित्र होतं, गादीच्या मागं, अगदी मानाच्या जागी. "ताई, तुमच्या बंधूंनी माझ्या चित्रात द्राक्षबाग लावलीय." मला कळेना. "मी सौद्याला गेलो होतो. येऊन बघतो तर हे स्टुलावर उभे, हातात ब्रश. माळाच्या मधोमध मांडव घातलाय, ताई. सिमेंटचे खांब, तारा, सगळं." मी तुला विचारलं तर तू शांतपणे वरणभात खात म्हणालास, "तिथं बाग झालीय की आता." झाली असेल. चित्र त्याचं आहे ना? त्यानं ते दाम मोजून घेतलंय ना? तर म्हणे, चित्र विकलं म्हणून माळ थोडाच विकला? माळ बदलला आणि चित्र तसंच राहिलं तर ते भिंतीवरून खोटं बोलत राहतं.

हे तुझं 'दुरुस्ती' प्रकरण. दुरुस्ती हा शब्दही तुझाच. जणू तू नळ गळतो म्हणून गेला होतास. महिन्या दोन महिन्यांनी तू तुझ्या सगळ्या माळांवरून एक फेरी मारायचास, आणि कुठं विहीर पडली, कुठं ऊस आला, कुठं रोपं लावली ते बघून यायचास. मग त्या त्या माळाचं चित्र ज्याच्या घरी असेल त्याच्या दारात रंगाची पेटी घेऊन हजर. "पाचच मिनिटं." तुझी पाच मिनिटं म्हणजे दुपारचं जेवण तिथंच. लोक मास्तर म्हणून मान द्यायचे, नाही म्हणायला धजायचे नाहीत, आणि तू गेल्यावर मला फोन करायचे. मी माफी मागायची. माफी मागून मागून माझी जीभ इतकी वळली होती की चुकीचा नंबर लागला तरी मी आधी "माफ करा" म्हणायचे.

आपल्या डॉक्टरांकडं तर तू कहर केलास. बाहेरच्या बाकड्यांवर पेशंट बसलेत, कुणी खोकतंय, कुणाच्या कडेवर पोर, आणि तू त्यांच्या डोक्यावरून हात लांब करून चित्रात झाडांच्या रांगा काढतोयस. त्या माळावर कुणीतरी सरळ ओळीत झाडं लावली होती. पेशंट इतके रमले की नंबर पुकारला तरी उठेनात. डॉक्टर बाहेर आले, त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "वा सर, आता जरा हिरवं झालं. छान वाटतंय." तू घरी आलास तो जेवलाच नाहीस. त्या झाडांनी गवत मरतंय हे दाखवायला तू ती काढली होतीस आणि त्या गृहस्थाला छान वाटलं होतं. मला त्या दिवशी इतकं हसू आलं की मी पदर तोंडात कोंबून मोरीत जाऊन उभी राहिले. माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी तो एक आहे.

मी तुझ्याशी भांडले नाही असं कुणी म्हणू नये. मी म्हटलं होतं, आईचा फोटो आहे भिंतीवर, तिचे केस पिकले तेव्हा तू फोटोतले केस पांढरे केलेस का? तू वळून फोटोकडं बघितलंस. मला वाटलं जिंकले. मग म्हणालास, "फोटो मी काढला नव्हता." झालं. या वाक्याचं काय करायचं ते मला आजही कळलेलं नाही.

आता शालन. तू दवाखान्यात भरती होतास तेव्हाची ही नर्स. तुझ्या हाताला सलाइन आणि तू दुसऱ्या हातानं औषधाच्या खोक्यावर पेन्सिलीनं काहीतरी खरडतोयस. तिनं वाकून बघितलं आणि गावाचं नाव सांगितलं. मंगळवेढ्याच्या खालचं, तिचं गाव. नुसत्या रेघांवरून. तू इतका खूश झालास की ताप उतरला. नंतर तिनं तुझ्याकडून त्याच माळाचं रंगीत चित्र घेतलं, आणि घरी नेऊन दारासमोरच्या भिंतीवर लावलं. तिचे वडील, आप्पा, जन्मभर त्या माळावर मेंढरं राखलेला माणूस. आता ते लेकीकडं असतात. मेंढरं विकली. माळ कुणीतरी सोलरवाल्यांनी घेतला, भोवती तार ओढली. मी एकदा विचारलं, आप्पा, दुसरीकडं नसती का नेली मेंढरं? तर म्हणाले, "कुटं न्यायची, बाई? समदीकडं तारच हाय. मेंढरं काय काचा खात्यात व्हय?" एवढंच बोलले. रोज भाकरी घेऊन त्या चित्रासमोर बसतात. शालन सांगायची, टीव्ही लावला तर म्हणतात बंद कर, मधी येतंय.

आणि तू फेरी मारायला तिकडंही गेलास. काय बघितलंस ते मला सांगितलं नाहीस, पण चेहऱ्यावरून कळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून शालनकडं. दुरुस्तीचं नाव काढलं असतंस तर तिनं दिलं नसतं, म्हणून धूळ. आयुष्यभर चित्रानं खोटं बोलू नये म्हणून लोकांच्या घरात घुसलास, आणि चित्र आणायला खोटं बोललास. हे तुझ्या लक्षात आलं होतं का, दादा? मला हे तुला विचारायचं होतं. फार दिवस पुरलं असतं हे भांडण.

शालनचा फोन दुपारी आला. "मावशी, सरांनी चित्र नेलंय. आप्पा सकाळधरनं त्या खिळ्याकडं बघत बसलेत. सर त्यात काय घालणार तर न्हाईत ना? मला लई भ्या वाटतंय." मी म्हटलं, नाही गं. ती म्हणाली, "घालू देऊ नका, मावशी. त्यांनी घालून आणलं तर आप्पांसमोर लावायचं कसं?" मी म्हटलं, "माझा शब्द आहे, शालन. जसं नेलं तसं येईल." माफ्या मी आजवर खूप मागितल्या, पण शब्द कुणाला पहिल्यांदाच दिला होता.

संध्याकाळी मी तुला धरलं. चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवलं होतंस, म्हणजे मला कळायला पाहिजे होतं. मी म्हटलं, ती माणसं तिथनं उठून आलीत. तिथं काय झालंय ते त्यांना तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आता ते परत भिंतीवर कशाला? तू म्हणालास, "मग काय, खोटं बघत बसू दे?"

"बसू दे."

"सुलू, तिथं आता एकही गवताची काडी..."

"बसू दे म्हटलं ना. तुझी चित्रं तू घरात काढ, हवी तेवढी खरी काढ. आप्पांच्या भिंतीला हात लावू नको."

तू चष्मा पुसलास. "उद्या बोलू," म्हणालास. मी पण दमले होते. आमटीत मीठ जास्त झालंय का विचारलं, तू म्हणालास बरंय. उद्या आपण बोललो नाही, कारण उद्या सकाळपासून तू खोलीत होतास, आणि मला वाटलं खरंच धूळ पुसतोयस. मला वाटलं ऐकलं माझं. इतक्या वर्षांनी एकदा ऐकलं म्हणून मी तुला दुपारी शेंगाची पोळी केली. ती खाल्लीस, छान झालीय म्हणालास, ब्रश धुतलेस.

चित्राच्या डाव्या बाजूला गवत होतं, तुझं ते जुनं, मुळाशी काळं असलेलं. उजवीकडं निळ्या करड्या काचा, रांगेत, एकामागं एक, पार आभाळापर्यंत. त्यांच्या पुढं गंजक्या रंगाचे खांब. तार ओढायची राहिली होती. खरं सांगू? ते सुरेख होतं. काचांवर आभाळ उतरलेलं तू असं काढलं होतंस की मी उठून खिडकीतून खरं आभाळ बघून आले. तुला त्या काचा आवडल्या होत्या की तुझा जीव त्यांनी खाल्ला होता, ते त्या रंगावरून कळत नव्हतं. कदाचित दोन्ही. हे विचारायलाही तू नाहीस.

तुझा जुना विद्यार्थी इरण्णा अक्कलकोटहून धावत आला, आता तोही ड्रॉइंग मास्तर, मिशा पिकल्यात. त्यानं चित्र बघितलं आणि खालीच बसला. रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता. तो म्हणाला, "आक्का, मांडवात सरांच्या फोटोशेजारी हे ठेवू. सरांचं शेवटचं काम हाय. अर्धं माळ, अर्धं सोलर. असं कुणाला सुचतंय ओ? फ्रेम मी करून आणतो."

मी म्हटलं, हे शालनचं आहे. पुसून परत द्यायचंय.

"पुसून?" त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तुलाच पुसते म्हणाले होते. "असं कसं करताव, आक्का? तिला दुसरं देऊ की. घरात एवढी चित्रं हायत. ह्याच्यावर सरांचा शेवटचा हात फिरलाय."

तेच तर, दादा. इरण्णाला वाटलं हे मला कळत नाही. तुझ्या त्या शेवटच्या सकाळी तू जगात जे काही केलंस ते सगळं त्या ओल्या रंगात होतं. तुझा चष्मा मी कपाटात ठेवला, तुझे शर्ट वाटून टाकायचे आहेत, पण तुझा हात कसा हलला ते फक्त तिथं दिसत होतं. एका काचेच्या कडेला तुझ्या बोटाचा ठसाही उमटला होता, नेहमीसारखा, अंगठ्यानं रंग दाबायची तुझी सवय. ते मला पुसायचं होतं. आणि थांबायलाही वेळ नव्हता. खालचा जुना रंग कडक वाळलेला, वरचा ओला, तोवरच वरचा निघतो. आपल्या उन्हात किती दिवस ओला राहणार? तू मला विचार करायलाही वेळ ठेवला नाहीस. तुझ्या सगळ्या दुरुस्त्यांच्या माफ्या मी मागितल्या आणि शेवटच्या दुरुस्तीचं काय करायचं तेही माझ्याच गळ्यात टाकून गेलास. ज्या माणसाला आयुष्यभर कुणी अडवू शकलं नाही, त्याला तो गेल्यावर अडवायचं, आणि तेही त्याच्या लाडक्या बहिणीनं. मला तुझा इतका राग आला की मी तुझ्या फोटोकडं पाठ करून बसले.

पण शालनला शब्द तू दिला नव्हतास. मी दिला होता.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, इरण्णा मांडवाचं बघायला बाहेर गेला तेव्हा मी दार लावलं. तुझं जुनं बनियन घेतलं, टर्पेंटाइन घेतलं, आणि वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. मला वाटलं होतं अवघड जाईल. एक काच एका हातासरशी निघाली. खाली गवत होतं, जसंच्या तसं. मग दुसरी. बनियन निळं झालं, घडी बदलून परत निळं झालं. तुझ्या अंगठ्याच्या ठशापाशी आले आणि मी मोठ्यानं रडले, दादा. तू गेलास त्या दिवशी रडले नव्हते इतकी. शेजारच्या बाईनं दार वाजवलं, मी उघडलं नाही. ठसा पुसला. त्याखालीही गवतच होतं.

खांब मात्र निघेनात. तो तपकिरी रंग बाकीच्यांच्या कितीतरी आधी वाळतो, हे तू मला कंटाळा येईस्तोवर सांगितलं होतंस. मी विसरले होते. जोर लावला तर खालचं गवतच सुटायला लागलं, म्हणून हात थांबवला. काचा गेल्या, माळ परत आला, आणि त्या माळावर ते काही खांब उभे राहिले. थोडे वाकडे. मधी काही नाही, मागं काही नाही. हे ना तुझं चित्र, ना शालनचं.

रविवारी वंदना झाली, लोक बोलले, तुला माळाचा चित्रकार म्हणाले. इरण्णानं मांडवात फोटोशेजारची जागा मोकळी बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि समजला. जेवताना माझ्या शेजारी बसला नाही. जाताना पाया पडला, पण बोलला नाही. तो बोलेल पुढंमागं. माझ्यापेक्षा त्याला जास्त लागलंय ते मला कळतं. मी निदान पुसता पुसता ते चित्र इंच इंच बघून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी चादरीत गुंडाळून चित्र रिक्षात घातलं आणि शालनकडं गेले. दारातच तिला सगळं सांगितलं. काय घातलं होतं, काय पुसलं, काय राहिलं. तिनं माझा हात धरला. "आप्पा ओळखतील," म्हणाली हळूच. "तारंचे खांब त्यांनी रोज बघितलेत, मावशी." मी म्हटलं, मग मी माफी मागेन. सवय आहे मला.

आप्पांनी स्वतः चित्र खिळ्यावर अडकवलं. दोन पावलं मागं आले, डोळ्यांवर हात धरला, घरात ऊन नसताना. मी शब्द जुळवायला लागले होते.

"मेखा ठोकल्यात की सरांनी," आप्पा म्हणाले.

मी आणि शालननं एकमेकींकडं बघितलं.

"व्हय, शाले. बघ की नीट. हितंच वाघर लावायचो आमी. सांजंला ह्या मेखास्नी जाळं आवळायचं, मेंढरं आत, कुत्री भाईर. ही हिकडची कललेलीच असायची. खाली खडक हाय तितं, सरळ बसायचीच न्हाय." त्यांनी बोटानं तो वाकडा खांब दाखवला. मग माझ्याकडं वळले. "आधी न्हवत्या ह्या. सरांस्नी कुणी सांगितलं, वाघर हितं असायची म्हणून?"

दादा, ते कंपनीच्या तारेचे लोखंडी खांब होते. तू स्वतः जाऊन बघून आला होतास, खरे म्हणून काढले होतेस. तुझी शेवटची दुरुस्ती त्या भिंतीवर आता धडधडीत खोटी होऊन लटकतेय. तू तिथं असतास तर स्टूल मागितलं असतंस. समजावून सांगितलं असतंस त्या म्हाताऱ्याला, मेख नव्हे, खांब. मी तुला दंडाला धरून बाहेर काढलं असतं.

"कुणी नाही, आप्पा," मी म्हणाले. "दिसल्या असतील त्याला."

त्यांनी मान हलवली. शालननं भाकरी वाढून आणली, ते जमिनीवर चित्रासमोर बसले, आणि मला म्हणाले, तुमी पण बसा. मी बसले. परत येताना रिक्षात मी तुला सगळं बजावून सांगितलं, की हे असंच राहणार आहे, आणि तू काय वाट्टेल ते म्हण. घर येईपर्यंत मी तुझ्या उत्तराची वाट बघत होते.